आर्मेनिया : पर्वतांच्या कुशीतील आद्य ख्रिस्ती राष्ट्र

पवित्र भूमी, रोम, लुर्ड्स, फातिमा ही नावे आपल्या धर्मग्रामांतील भाविकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. दरवर्षी अनेक जण या तीर्थस्थळांना भेट देऊन येतात. परंतु ज्या देशाने जगात सर्वप्रथम ख्रिस्ती धर्म हा राष्ट्रधर्म म्हणून स्वीकारला, त्या आर्मेनियाचे नाव आपल्या यात्रांच्या यादीत क्वचितच आढळते. उंच पर्वत, खोल दऱ्या, प्राचीन नगरे आणि हजार-दीड हजार वर्षांचे मठ यांनी नटलेला हा देश पर्यटकांना मोहवून टाकतो. मात्र केवळ निसर्गसौंदर्य पाहण्यासाठी तेथे जाणाऱ्याला आर्मेनिया अर्धाच दिसतो. तेथील प्रत्येक वास्तू, प्रत्येक हस्तलिखित, इतकेच नव्हे तर रस्त्याकडेचा प्रत्येक कोरीव क्रूस कोणीतरी संकटकाळी लपवून, खांद्यावर वाहून किंवा ढिगाऱ्यातून पुन्हा उभा करून आपल्यापर्यंत पोहोचविला आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवून या देशाची ओळख करून घेणे उचित ठरेल.

देशाची ओळख

काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या दरम्यान पसरलेल्या कॉकेशस प्रदेशाच्या दक्षिण भागात आर्मेनिया वसलेला आहे. उत्तरेस जॉर्जिया, पूर्वेस अझरबैजान, दक्षिणेस इराण आणि पश्चिमेस तुर्कस्तान अशा चार देशांनी तो वेढलेला असून त्याला समुद्रकिनारा नाही. क्षेत्रफळ सुमारे २९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश. लोकसंख्या सुमारे तीस लाख. देशाची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून अंदाजे १,८०० मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसुबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या देशाच्या डोंगराळपणाची कल्पना येते. आरागात्स हे तेथील सर्वोच्च शिखर ४,०९० मीटर उंच आहे.

प्रभू येशूचे शिष्य संत थद्दय आणि संत बर्थलमय यांनी या भूमीत शुभवर्तमान आणले, अशी आर्मेनियन लोकांची दृढ श्रद्धा आहे. म्हणूनच तेथील राष्ट्रीय ख्रिस्तसभा स्वतःला 'आर्मेनियन अपोस्टोलिक' म्हणजे प्रेषितीय ख्रिस्तसभा म्हणवते. परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये राजा तिरिदातेस याने ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. काही इतिहासकार ही घटना ३१४ च्या सुमारास घडली असे मानतात. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्य मिळाले ते इ. स. ३१३ मध्ये, आणि साम्राज्याचा राजधर्म होण्यास तर त्या शतकाची अखेर उजाडली.

या राष्ट्राच्या वाट्याला सुखाचे दिवस थोडेच आले. इराणी, अरब, मंगोल आणि तुर्क अशी आक्रमणे एकामागून एक झाली. विसाव्या शतकात १९२० ते १९९१ अशी सत्तर वर्षे सोव्हिएत राजवट होती. २१ सप्टेंबर १९९१ रोजी देशाने स्वातंत्र्याचा कौल दिला.

येरेवान : गुलाबी दगडांची राजधानी

बहुतेक प्रवाशांची यात्रा राजधानी येरेवान येथून सुरू होते. इ. स. पूर्व ७८२ मध्ये राजा आर्गिश्ती याने येथे एरेबुनी नावाचा किल्ला बांधला. किल्ला बांधल्याची नोंद असलेला कीलाक्षरी शिलालेख सापडला असून, शहराचा जन्मदाखलाच म्हणावा असा हा दगड आहे. म्हणजे येरेवान हे रोमपेक्षाही काही वर्षांनी जुने शहर ठरते. आजचे शहर मात्र वास्तुविशारद अलेक्झांडर तामानियान यांनी १९२४ साली आखलेल्या आराखड्यानुसार उभे राहिले. इमारती 'तुफ' नावाच्या ज्वालामुखीजन्य दगडाच्या आहेत. सकाळी फिकट गुलाबी आणि सायंकाळी केशरी भासणाऱ्या या दगडामुळे येरेवानला 'गुलाबी शहर' असे म्हणतात.

शहराच्या उत्तर टोकाला 'कास्केड' हा भव्य जिना आहे. त्याच्या ५७२ पायऱ्या चढून गेल्यावर, हवा स्वच्छ असेल तर, दक्षिणेला अरारात पर्वताची दोन हिमाच्छादित शिखरे दिसतात. मोठे शिखर ५,१३७ मीटर उंच आहे. जलप्रलयानंतर नोहाचे तारू 'अरारातच्या पर्वतांवर' टेकले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात म्हटले आहे (उत्पत्ती ८:४). पवित्र शास्त्र तेथे एका संपूर्ण पर्वतीय प्रदेशाचा उल्लेख करते. हेच ते शिखर, असे पुढील काळातील परंपरेने ठरविले. आर्मेनियाच्या राष्ट्रचिन्हावर अरारात कोरलेला आहे, घराघरांत त्याची चित्रे आहेत. परंतु हा पर्वत आज तुर्कस्तानच्या हद्दीत आहे. दररोज डोळ्यांसमोर उभा असलेला, तरीही परक्या भूमीत गेलेला हा पर्वत समजल्याखेरीज आर्मेनियन मन समजत नाही.

शहराच्या मध्यभागी काथोघिके नावाचे पवित्र मरियेचे एक चिमुकले देऊळ आहे. १९३६ साली सोव्हिएत अधिकाऱ्यांनी येथील सतराव्या शतकातील मोठे चर्च पाडण्याचे काम हाती घेतले. भिंती कोसळू लागल्या तसे त्यांच्या आत दडलेले तेराव्या शतकातील हे लहान देऊळ प्रकट झाले आणि ते वाचले. एक चर्च नष्ट करताना दुसरे, त्याहून जुने चर्च लोकांना परत मिळाले. शहरातील संत ग्रेगरी यांचे भव्य कॅथेड्रल मात्र नवे आहे. ख्रिस्ती धर्मस्वीकाराच्या १,७०० व्या वर्धापनवर्षी, २००१ साली, त्याचे अभिषेचन झाले. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी भेट दिलेले संत ग्रेगरी यांचे पवित्र अवशेष तेथे जतन केलेले आहेत.

मातेनादारान : अक्षरांचे मंदिर

येरेवानमध्ये एकच स्थळ पाहण्याइतका वेळ असेल, तर तो मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयास द्यावा. प्रवेशद्वाराशी संत मेस्रोप माश्तोत्स यांचा पुतळा आहे. हे विद्वान मठवासी. आपल्या लोकांना पवित्र शास्त्र मातृभाषेत वाचता यावे म्हणून त्यांनी इ. स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची स्वतंत्र लिपी तयार केली. त्यानंतर बायबलचे भाषांतर झाले, आणि नव्या लिपीत उतरलेले पहिले वाक्य नीतिसूत्रांच्या पुस्तकातील होते, असे सांगतात. ख्रिस्ती श्रद्धा आपल्याच भाषेत व्यक्त व्हावी ही तळमळ मराठी ख्रिस्ती वाचकाला सहज उमगेल. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले, त्यामागेही हीच तळमळ होती.

संग्रहालयात सुमारे २३ हजार हस्तलिखिते आहेत. युनेस्कोने १९९७ साली या संग्रहाची नोंद 'जागतिक स्मृती' या यादीत केली. सर्वांत लहान पुस्तक १४३४ सालचे एक पंचांग असून त्याचे वजन अवघे १९ ग्रॅम आहे. सर्वांत मोठे पुस्तक म्हणजे 'मूशचे प्रवचनसंग्रह'. १२०० ते १२०२ या काळात ते चर्मपत्रावर लिहिले गेले आणि त्याचे वजन सत्तावीस किलोंहून अधिक आहे. १९१५ च्या कत्तलीतून जीव वाचवून पळणाऱ्या दोन स्त्रियांना हा ग्रंथ एका उद्ध्वस्त मठात सापडला. एकटीला तो पेलणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक भाग एचमियाझिनला सुखरूप पोहोचला; दुसरा वाटेत एर्झुरुम येथे जमिनीत पुरून ठेवण्यात आला आणि कालांतराने मिळाला. आज दोन्ही भाग पुन्हा एकत्र आहेत. घरदार, दागदागिने मागे टाकून पळताना एखादी व्यक्ती सोबत काय घेते, यावरून तिच्या लेखी कशाचे मोल किती आहे हे समजते.

त्सित्सेर्नाकाबेर्द : स्मृतींची टेकडी

शहराच्या पश्चिमेकडील त्सित्सेर्नाकाबेर्द या टेकडीवर नरसंहाराचे स्मारक आहे. १९६७ साली ते पूर्ण झाले. गोलाकार उभ्या केलेल्या बारा झुकत्या शिलांच्या मध्ये अखंड ज्योत तेवत असते आणि शेजारी ४४ मीटर उंचीचा टोकदार स्तंभ आहे. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमधील आर्मेनियन विचारवंत व समाजधुरीण यांची धरपकड झाली. त्यानंतर ओटोमन साम्राज्यातील आर्मेनियन लोकांच्या कत्तली करण्यात आल्या, स्त्रिया, मुले व वृद्धांना सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आले. मृतांची संख्या पंधरा लाखांपर्यंत होती असे आर्मेनियन लोक सांगतात. तुर्कस्तान या घटनांना नरसंहार म्हणण्यास नकार देतो. पोप फ्रान्सिस यांनी मात्र १२ एप्रिल २०१५ रोजी रोममध्ये शताब्दी स्मरणाच्या मिस्सावेळी तो शब्द स्पष्टपणे उच्चारला.

त्याच दिवशी त्यांनी दहाव्या शतकातील आर्मेनियन मठवासी व कवी संत नारेकचे ग्रेगरी यांना विश्वव्यापी ख्रिस्तसभेचे धर्माचार्य म्हणून घोषित केले. १९१५ सालीच मार्दिन येथील आर्मेनियन कॅथोलिक आर्चबिशप इग्नेशियस मालोयान यांनी धर्मांतरास नकार देऊन हौतात्म्य पत्करले. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. या टेकडीवर उभे राहणाऱ्या कॅथोलिक भाविकाने या संताचे स्मरण अवश्य करावे.

खोर विराप : अंधारकोठडीतून उगवलेला प्रकाश

येरेवानच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, तुर्कस्तानच्या सीमेला जवळजवळ चिकटून, खोर विराप हा मठ आहे. या नावाचा अर्थच 'खोल खड्डा' असा आहे. राजा तिरिदातेस याने ग्रेगरी नावाच्या ख्रिस्ती तरुणाला येथील भूमिगत कोठडीत टाकले आणि तो तेरा वर्षे तेथे जिवंत राहिला, असे परंपरा सांगते. एक स्त्री गुपचूप त्याला भाकर पोहोचवीत असे. पुढे रोमहून पळून आलेल्या ह्रिप्सिमे, गायाने व त्यांच्या सोबतिणी या कुमारिकांची राजाने हत्या केली आणि त्याला भ्रम जडला. तेव्हा ग्रेगरीला बाहेर काढण्यात आले. त्याच्या प्रार्थनेने राजा बरा झाला आणि दरबारासह त्याने स्नानसंस्कार घेतला. तेव्हापासून ग्रेगरीला 'प्रकाशदाता' ही पदवी मिळाली.

आजही अरुंद लोखंडी शिडीने सुमारे सहा मीटर खाली त्या कोठडीत उतरता येते. आत हवा कोंदट असते. श्वसनाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी खाली उतरण्याचा आग्रह धरू नये. बाहेर आल्यावर मात्र समोर अरारात संपूर्ण उभा असतो. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी २००१ साली येथे प्रार्थना केली. २६ जून २०१६ रोजी पोप फ्रान्सिस व आर्मेनियन ख्रिस्तसभेचे प्रमुख कॅथोलिकॉस कारेकिन दुसरे यांनी येथून अरारातच्या दिशेने शुभ्र कबुतरे सोडली. खाली द्राक्षमळे आणि त्यांच्या पलीकडे, १९९३ साली तुर्कस्तानने बंद केलेली सीमा, अशा त्या जागी शांतीच्या या साध्या कृतीला फार मोठा अर्थ होता.

एचमियाझिन : मातृ-कॅथेड्रल

येरेवानच्या पश्चिमेस वीस किलोमीटरवर वाघार्शापात हे शहर असून तेथील एचमियाझिन हे आर्मेनियन ख्रिस्तसभेचे केंद्रस्थान आहे. 'एकुलता एक पुत्र अवतरला' असा या नावाचा अर्थ. प्रभू येशूने स्वर्गातून उतरून सोन्याच्या हातोडीने जमिनीवर घाव घालून मंदिराची जागा दाखविल्याचा दृष्टांत संत ग्रेगरी यांना झाला, अशी कथा आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी येथे कॅथेड्रल उभे राहिले आणि ते जगातील सर्वांत जुन्या कॅथेड्रलपैकी एक मानले जाते. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २०२४ साली त्याचे पुन्हा अभिषेचन करण्यात आले. येथील संग्रहालयात प्रभूच्या कुशीत खुपसलेला भाला आणि नोहाच्या तारवाचा तुकडा म्हणून पूजनीय मानलेल्या वस्तू आहेत.

जवळच संत ह्रिप्सिमे (इ. स. ६१८) आणि संत गायाने (इ. स. ६३०) यांची चर्चेस आहेत. भूकंपप्रवण भूमीत चौदाशे वर्षे ती उभी आहेत. आर्मेनियन चर्चची ठेवण येथे नीट अभ्यासता येते: जाड दगडी भिंती, मोजक्या लहान खिडक्या, आणि मध्यभागी नळकांडीवर बसविलेले टोकदार शंकूसारखे छत. दुरून पाहता प्रत्येक चर्च जणू एक छोटा पर्वतच वाटते. विमानतळाच्या वाटेवर झ्वार्तनोत्स या सातव्या शतकातील वर्तुळाकार कॅथेड्रलचे अवशेष आहेत. दहाव्या शतकात ते कोसळले. उरलेले खांब आणि द्राक्षवेलींचे नक्षीकाम त्याच्या वैभवाची साक्ष देतात. कॅथेड्रल, ही चर्चेस आणि झ्वार्तनोत्स यांचा युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा यादीत समावेश केला.

गार्नी आणि गेगार्द

येरेवानच्या पूर्वेला गार्नी येथे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील, ग्रीक धाटणीच्या खांबांचे एक मंदिर आहे. धर्मस्वीकारानंतर बहुतेक जुनी मंदिरे नाहीशी झाली. हे मात्र राहिले. १६७९ च्या भूकंपात ते कोसळले आणि १९६९ ते १९७५ या काळात त्याच दगडांतून शक्य तितके पुन्हा उभे करण्यात आले. खालच्या आझात नदीच्या घळीत बेसॉल्ट खडकाचे षट्कोनी खांब एकमेकांना खेटून लटकल्यासारखे दिसतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

तेथून पुढे घळीच्या टोकाशी गेगार्द मठ आहे. 'गेगार्द' म्हणजे भाला. वर उल्लेखिलेला पवित्र भाला अनेक शतके येथे जपून ठेवलेला होता. मुख्य चर्च १२१५ सालचे असून त्यालगतची देवळे व समाधिगृहे तेराव्या शतकात सबंध डोंगर कोरून काढलेली आहेत. वेरूळच्या लेण्यांशी परिचय असलेल्या मराठी माणसाला या कामाची थोरवी सांगावी लागत नाही. छताला ठेवलेल्या एकाच छिद्रातून आत प्रकाश येतो. वरच्या दालनात एखाद्याने हळू आवाजात स्तोत्र म्हटले तरी ते दगडातून घुमून दीर्घकाळ ऐकू येत राहते. येथे काही क्षण तरी मौन पाळावे.

सेवान सरोवर आणि क्रूसशिला

समुद्र नसलेल्या या देशाचा समुद्र म्हणजे सेवान सरोवर. सुमारे १,९०० मीटर उंचीवरील हे विस्तीर्ण गोड्या पाण्याचे सरोवर सुमारे १,२५० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. इ. स. ८७४ मध्ये राजकन्या मरियम हिने येथील एका बेटावर मठ बांधला. सोव्हिएत काळात शेती व वीजनिर्मितीसाठी इतके पाणी उपसले गेले की पातळी जवळजवळ वीस मीटरने खाली गेली आणि बेटाचे द्वीपकल्प झाले. म्हणूनच आज या मठापर्यंत चालत जाता येते. निर्मितीचा विचार न करता केलेल्या विकासाचे हे एक बोलके उदाहरण होय.

सरोवराच्या पश्चिमेस नोरातुस गावच्या दफनभूमीत शेकडो 'खाचकार' उभे आहेत. खाचकार म्हणजे क्रूसशिला: उभ्या शिळेवर कोरलेला क्रूस, त्याच्या तळातून फुटणारी पालवी आणि भोवती जाळीदार नक्षी. क्रूसावर खिळलेल्या प्रभूची आकृती त्यावर बहुधा नसते; क्रूस हाच जीवनवृक्ष म्हणून दाखविलेला असतो. दोन खाचकार सहसा सारखे नसतात. ही कला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशात समाविष्ट केली.

उत्तरेचे मठ आणि ग्युमरी

उत्तरेकडील देबेद नदीच्या दरीवर हाघपात आणि सानाहिन हे दहाव्या शतकातील जोडमठ आहेत. मध्ययुगात ही मोठी विद्यापीठेच होती. सानाहिन गावात मिकोयान बंधूंचे संग्रहालय आहे. त्यांपैकी आर्तेम मिकोयान हे 'मिग' विमानाच्या दोन जनकांपैकी एक. भारतीय हवाई दलाने सहा दशके वापरलेली आणि नाशिकजवळील ओझर येथे तयार झालेली मिग विमाने आपल्याला ठाऊक आहेत. त्या नावातील पहिले अक्षर या डोंगरगावचे आहे.

ग्युमरी हे देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. काळ्या व तांबड्या दगडांची एकोणिसाव्या शतकातील घरे, कारागिरांच्या गल्ल्या आणि तेथील लोकांची विनोदबुद्धी प्रसिद्ध आहे. ७ डिसेंबर १९८८ रोजी झालेल्या भूकंपात या परिसरात सुमारे पंचवीस हजार लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळी संत मदर तेरेसा स्वतः आर्मेनियात गेल्या आणि त्यांच्या सिस्टर्सनी भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या स्पिताक येथे सेवाकेंद्र सुरू केले. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी दिलेल्या देणगीतून आशोत्स्क या अतिशय थंड, दुर्गम गावी 'रेदेम्प्तोरिस मातेर' रुग्णालय उभारण्यात आले. रोमशी पूर्ण ऐक्यात असलेल्या आर्मेनियन कॅथोलिकांची वस्ती प्रामुख्याने याच वायव्य भागात आहे. २५ जून २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ग्युमरीच्या चौकात मिस्साबलिदान अर्पण केले. शहरातील पवित्र हुतात्म्यांच्या कॅथेड्रलमध्ये आर्मेनियन विधीनुसार कॅथोलिक उपासना होते.

दक्षिणेकडे : नोरावांक आणि तातेव

दक्षिणेचा रस्ता आरेनी गावावरून जातो. येथील गुहेत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची द्राक्षारस तयार करण्याची जागा आणि साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामडी जोडा सापडला. जवळच लालभडक कड्यांच्या घळीत नोरावांक मठ आहे. येथील १३३९ सालच्या दुमजली चर्चच्या दर्शनी भिंतीतून बाहेर आलेल्या अरुंद पायऱ्यांनी वर चढावे लागते. चढणे तुलनेने सोपे, उतरताना मात्र सावध असावे.

आणखी दक्षिणेस वोरोतान नदीच्या दरीवर, कड्याच्या टोकाला, नवव्या शतकातील तातेव मठ आहे. २०१० साली येथे 'तातेवचे पंख' नावाचा ५,७५२ मीटर लांबीचा रोपवे सुरू झाला. त्याच्या उत्पन्नाचा उपयोग मठाच्या जीर्णोद्धारासाठी व्हावा अशी योजना आहे. चौदाव्या व पंधराव्या शतकांत येथे विद्यापीठ होते. येरेवानहून हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर असून रस्ता घाटांचा आहे; एका दिवसात जाऊन येण्यापेक्षा मुक्काम करणे श्रेयस्कर. याच दक्षिण भागातून सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन निर्वासित देशात आले. घर सोडावे लागण्याची कथा या राष्ट्राने केवळ पुस्तकात वाचलेली नाही.

आर्मेनिया आणि भारत

या दूरच्या देशाशी आपले नाते जुने आहे. व्यापारानिमित्त आर्मेनियन लोक शतकानुशतके भारतात येत होते. मुंबईच्या फोर्ट भागात त्यांनी १७९६ साली बांधलेले संत पेत्राचे चर्च आहे. चेन्नईच्या संत थॉमस माऊंटवर चढताना आपले भाविक ज्या पायऱ्या वापरतात, त्या अठराव्या शतकात खोजा पेत्रुस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधविल्या. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक 'आझ्दारार' हे १७९४ साली मद्रासमध्ये हारुत्युन श्माव्होनियान या धर्मगुरूंनी काढले. आज अनेक भारतीय विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी येरेवानमध्ये राहतात.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने प्रवासास उत्तम. हिवाळ्यात बर्फामुळे घाट बंद पडतात. सीमावर्ती भागात जाण्यापूर्वी तसेच व्हिसाबाबत दूतावासाकडून ताजी माहिती घ्यावी. चलन 'द्राम' आहे. आठ दिवसांत येरेवान मुक्कामी राहून बहुतेक स्थळे पाहता येतात. जमिनीत पुरलेल्या 'तोनिर' भट्टीत भाजलेली लावाश ही पातळ रोटी आणि जून-जुलैतील जर्दाळू यांची चव अवश्य घ्यावी. जर्दाळूच्या लाकडापासूनच 'दुदुक' हे करुण सुरांचे वाद्य बनते.

उन्हाळ्यात गेल्यास 'वार्दावार' हा प्रभूच्या रूपांतराचा सण पाहायला मिळतो. त्या दिवशी लोक रस्त्यात एकमेकांवर पाणी उडवतात. ऑगस्टच्या मध्यास पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला द्राक्षांना आशीर्वाद दिला जातो आणि पुष्कळ कुटुंबे त्यापूर्वी नवी द्राक्षे चाखत नाहीत. आपल्याकडील आगेराची आठवण यावी असाच हा प्रघात आहे. नाताळ तेथे ६ जानेवारीला साजरा होतो.

चर्चमध्ये स्त्रियांनी डोक्यावर वस्त्र घेण्याची पद्धत आहे. मेणबत्त्या वाळूच्या तबकात लावतात आणि बाहेर पडताना वेदीकडे पाठ न करता मागे सरकत जातात. आर्मेनियन अपोस्टोलिक ख्रिस्तसभा ही केरळमधील मलंकारा ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेच्या परिवारातील असून रोमशी तिचे पूर्ण ऐक्य नाही. म्हणून तेथील उपासनेत आदराने सहभागी व्हावे, परंतु ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी पुढे जाऊ नये. उभय ख्रिस्तसभांमधील स्नेह मात्र वाढता आहे. पोप संत जॉन पॉल दुसरे आणि कॅथोलिकॉस कारेकिन पहिले यांनी १९९६ साली केलेल्या संयुक्त निवेदनाने ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाविषयीचे पंधरा शतकांचे गैरसमज दूर करण्यास मोठी मदत झाली.

समारोप

आर्मेनियात पिरॅमिडसारखी अवाढव्य स्मारके नाहीत की व्हॅटिकनसारखे वैभव नाही. तेथे आहे ते एका लहान राष्ट्राचे चिवट विश्वासूपण. सत्ता गेली, भूमी गेली, पवित्र पर्वतही सीमेपलीकडे गेला; तरीही लिपी राहिली, क्रूसशिला राहिल्या आणि प्रार्थना राहिली. ज्यांना शक्य असेल त्यांनी या देशाला अवश्य भेट द्यावी. ज्यांना शक्य नसेल त्यांनी निदान मुंबईच्या फोर्ट भागातील ते छोटे आर्मेनियन चर्च पाहून यावे, आणि आपल्याही गावातील जुने क्रूस, जुन्या नोंदवह्या आणि आजी-आजोबांच्या मुखातील मराठी प्रार्थना कोण जपून ठेवणार आहे, याचा विचार करावा.